जेन्सनचं सांभाळलेलं वजन

भुईगावच्या जेन्सन तुस्कानोचं वजन काही असंतसं, कोणाचं लक्ष नसताना वाढलेलं नव्हतं. ते एकोणतीस वर्षं, दर रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर, अख्ख्या घराच्या देखरेखीखाली वाढवलं गेलं होतं. कोणी वाडीत सोनचाफा वाढवतं, कोणी दाढी वाढवतं; तुस्कानोंनी जेन्सन वाढवला. आणि तोही डॉक्टरांच्या लेखी सूचनेवरून.

तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, चौथीत. शाळेत आरोग्य तपासणीचं शिबिर आलं. डॉक्टर देशावरचा, नुकताच पास झालेला, अंगावरच्या पांढऱ्या कोटाला अजून दुकानातल्या घड्या. त्याने जेन्सनच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, आणि भुवया वर केल्या. पोराला दहा मिनिटं शांत बसवलं, बेताचा पट्टा शोधून पुन्हा बांधला. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा आकडा एकशे तीसच्या आसपास. नऊ वर्षांच्या मुलाला हा आकडा शोभत नाही, हे त्याला माहीत होतं. शाळेला ते कळण्याचं कारण नव्हतं, आणि जेन्सनला एवढंच कळलं की वर्गात आपला आकडा सगळ्यात मोठा आला. तो खूश होऊन घरी गेला.

डॉक्टरने चिठ्ठी लिहिली ती मुद्दाम मराठीत, घरच्यांना नीट कळावं म्हणून. इथंच सगळं बिघडलं. इंग्रजीत लिहिली असती तर निदान कोणाला तरी विचारावं लागलं असतं.

संध्याकाळी ओटीवर वाचन झालं. वडील आलोशियस चष्मा लावून वाचायला, आई सालोमी सुपात तांदूळ घेऊन ऐकायला.

"रक्तदाब जास्त," आलोशियसने वाचलं.

"रक्त जास्त?"

"दाब पन जास्त."

"म्हंजे दाबून रक्त हाय पोराला. बरंच हाय की. शेजारच्या युजीनच्या पोराला बघा, डोळे कसे पांढरे फटक. पुढं?"

"मीठ सोडा."

"तो देऊ. लिंबू टाकायचा का त्यात?"

आलोशियसने चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. "लिंबू लिवलं नाय."

"मग नको. डॉक्टरनं सांगितलं तेवढंच द्यायचं. पुढं?"

"वजन सांभाळा."

सालोमीचा हात सुपातच थांबला. आता तिचंही बरोबर होतं. त्या घरात सांभाळायचं म्हणजे काय, हे तिला सासूने लग्नाच्या आठवड्यातच शिकवलं होतं. गाय सांभाळायची, बी-बियाणं सांभाळायचं, सासूची सोन्याची साखळी सांभाळायची. सांभाळायला दिलेली वस्तू कमी झाली की बोल बाईला लागतो. पोराचं वजन डॉक्टरने तिच्या हवाली केलं होतं. ते छटाकभरही कमी होऊ द्यायचं नव्हतं.

शेवटची ओळ होती, "सहा महिन्यांनी तपासा."

"सहा महिने कोन थांबतंय?" सालोमी म्हणाली. "दर रविवारी तपासू."

केळीचे लोंगर तोलायचा टांगता काटा वाडीत होताच. रविवारी चर्चमधून आल्यावर जेन्सनला सुतळीच्या गोणपाटात बसवून आकड्याला अडकवायचे, आणि आलोशियस व्यापाऱ्याला ऐकू जावं अशा आवाजात ओरडायचा, "चौतीस किलो दोनशेऽऽ!" शेजारी घरातल्या घरात नोंद घ्यायचे. आकडा वाढला की सालोमी क्रूसाची खूण करायची. पाव किलो जरी उतरला तरी नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना सुरू, आणि तुपात परतलेली सुकेळी दिवसातून तीनदा. वसईची सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. मधासारखी गोड, आणि एक खाल्लं की दुसरं आपोआप तोंडात जातं. जेन्सनला आपलं वजन उतरलेलं फार आवडायचं.

मीठ-सोड्याचं म्हणाल तर दुकानातून बाटल्यांचं खोकंच घरी येऊ लागलं. रोज दुपारी एक पेला सोडा, त्यात अर्धा चमचा मीठ. एकदा चौथीच्या बाईंनी आलोशियसला रस्त्यात अडवून विचारलं, "मुलाच्या प्रेशरकडे बघताय ना?"

"दर रविवारी बघतो," आलोशियस म्हणाला.

बाईंना केवढं कौतुक वाटलं. पालकसभेत त्यांनी उदाहरण दिलं.

पुढचं सांगायला वेळ लागत नाही. चौदाव्या वर्षी जेन्सन बासष्ट किलोंचा झाला. सोळाव्या वर्षी टांगत्या काट्याचा लोखंडी हूक वजनाने सरळ झाला आणि जेन्सन गोणपाटासकट अळूत पडला. मग बंद पडलेल्या गिरणीतला जमिनीवरचा काटा आणला. जेन्सन बीएस्सी झाला, माणिकपूरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून लागला. तिथं तो मुलांना मिलिग्रॅमच्या हिशेबाने मीठ तोलून द्यायचा, आणि मधल्या सुट्टीत डब्यातल्या खाऱ्या माशावर वरून चिमूटभर घ्यायचा. रसायनशास्त्र एका खिशात, जेवण दुसऱ्या. पुढे नायगावच्या एलिनाशी लग्न झालं. ती बालवाडीत शिकवणारी, डोकं ताळ्यावर असलेली मुलगी. पण लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सासऱ्याने नवऱ्याला काट्यावर चढवून आकडा पुकारला, तेव्हा तिला वाटलं ही या गावची रीत असेल. पाठोपाठ तीही निमूटपणे चढली. "अठ्ठावन्नऽऽ!" सासूचा चेहरा पडला.

या वजनाचा गावाला उपयोग होता, हे मात्र कबूल करायला हवं. मे महिन्यात तिथल्या गावांच्या क्रीडास्पर्धा होतात आणि त्यात मान असतो रस्सीखेचीला. दोरीच्या अगदी शेवटी, कमरेला दोरीचा वेढा घेऊन जो उभा राहतो, त्याला भुईगावात खुंटा म्हणतात. बाकीचे सात ओढतात. खुंट्याने फक्त हलायचं नाही. जेन्सन दहा वर्षं खुंटा होता आणि दहा वर्षांत तो हलला नव्हता. शाळेत त्याला कोणी सर म्हणत नसे, घरी त्याचं काही चालत नसे. पण मे महिन्यातल्या त्या एका दुपारी मैदानावर तो चालत आला की लहान पोरं ओरडायची, "खुंटा आला रे!" आणि त्याची छाती पोटाच्या पुढे यायची. एरवी ते शक्य नव्हतं.

या वर्षी जानेवारीत स्पर्धेच्या मंडळाने नवा नियम काढला. ओढणाऱ्या प्रत्येकाने डॉक्टरची चिठ्ठी आणायची, नाहीतर दोरीला हात लावायचा नाही. संघाचा कप्तान गॉडफ्रे. त्याचं वेल्डिंगचं दुकान आणि आवाजही त्या यंत्रासारखाच, ठिणग्या उडवणारा. त्याने आठही जणांना रिक्षांत कोंबून माणिकपूरला डॉक्टर क्षितिजा मॅडमच्या दवाखान्यात नेलं. सात जणांना सात मिनिटांत चिठ्ठ्या मिळाल्या. जेन्सन आत गेला तो बाहेर येईना, म्हणून गॉडफ्रे दार ढकलून आत शिरला.

मॅडम तिसऱ्यांदा पट्टा सोडत होत्या. "एकशे अडुसष्ट, एकशे आठ. डोकं दुखतं?"

"दुखतं, पण ते शाळेमुळे," जेन्सन म्हणाला.

"याआधी कधी तपासलं होतं?"

"हो तर. नऊ वर्षांचा होतो तेव्हा. तेव्हाही जास्तच होतं."

"मग पुढे काय केलंत?"

"सांभाळलं की."

"काय सांभाळलंत?"

"वजन. तेव्हा चौतीस होतं." तो थोडं संकोचून म्हणाला, "आता एकशे अकरा आहे."

जेन्सनने पाकिटातून प्लॅस्टिकमध्ये घातलेली चिठ्ठी काढली. सालोमीने ती बाप्तिस्म्याच्या दाखल्याबरोबर जपून ठेवली होती आणि आज मुद्दाम बरोबर दिली होती, आम्ही काही कसूर केलेली नाही हे डॉक्टरला कळावं म्हणून. मॅडमनी ती वाचली. मग जेन्सनकडे पाहिलं. मग पुन्हा वाचली.

"आणि मीठ सोडा म्हणजे तुम्ही..."

"रोज घेतो. दुपारी."

मॅडमनी चष्मा काढला, तोंडावर रुमाल धरला आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्यांचे खांदे हलत होते. गॉडफ्रे हळूच म्हणाला, "जेन्स्या, रडतायत रे त्या. गंभीर दिसतंय."

खुर्ची परत फिरली तेव्हा मॅडमचे डोळे लाल होते पण आवाज ठणठणीत होता. "मीठ सोडा म्हणजे मीठ खाणं सोडा. आणि वजन सांभाळा म्हणजे वाढू देऊ नका!"

"मग तसं लिहायचं ना!" जेन्सन कळवळून म्हणाला.

एवढी वर्षं मोजत होता ती सगळी त्याच्या चेहऱ्यावरून एकामागोमाग उतरताना दिसली. मॅडमनाही थोडं वाईट वाटलं असावं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि नीट समजावून सांगितलं. लहानपणी ज्यांचं प्रेशर जास्त असतं, त्यांना मोठेपणी ते पुन्हा गाठण्याची शक्यता जास्त. पण ते काही कपाळावर लिहून आलेलं नसतं. त्यातल्या ज्यांचं वजन मोठेपणी बेतात राहतं, त्यांचा धोका पुष्कळ उतरतो. "तुमच्या हातात जे होतं, ते तुम्ही नेमकं उलटं केलंत. पण अजून वेळ गेलेली नाही. गोळी आजपासून सुरू. मीठ कमी, चालणं रोज. आणि दोरी बंद."

"बंद?" गॉडफ्रे मागून ओरडला. "मॅडम, आमचा खुंटा आहे तो!"

"जोर लावताना हा श्वास कोंडणार, प्रेशर भडकणार. मैदानावर फिट आली तर तुमचा खुंटा आडवा पडेल. मेच्या आत प्रेशर खाली आलं आणि दहा-बारा किलो उतरले, तर चिठ्ठी देईन. नाहीतर नाही."

गॉडफ्रेने डोकं खाजवलं. मग अगदी समजूतदार माणसासारखा, घासाघीस करण्याच्या सुरात म्हणाला, "मॅडम, असं करा ना. वजन राहू द्या. नुसतं प्रेशर तेवढं काढा."

मॅडमनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

जेन्सनची पंचाईत लक्षात घ्या. वजन उतरवलं नाही तर चिठ्ठी नाही, म्हणजे खुंटा नाही. वजन उतरवलं तर खुंटा म्हणून उपयोग काय? परत रिक्षांत बसताना सातही जण त्याच्याकडे असे बघत होते, जणू कोणी त्यांच्या वाडीतली विहीर बुजवायला काढली आहे.

घरी सांगणं तर आणखी अवघड. सालोमी सगळं ऐकून घेत भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "ती डॉक्टरीन कितीशी मोठी? त्या डॉक्टरला कोट होता."

"हिलाही कोट आहे, आई."

"मग एवढी वर्षं मी काय केलं?"

तो एकशे अकरा किलोंचा माणूस चुलीजवळच्या पाटावर कसाबसा टेकला आणि म्हणाला, "सांभाळलंस ना."

तव्यावरची भाकरी जळाली, आणि त्या घरात भाकरी जळत नसे.

दुसऱ्या दिवसापासून कारभार एलिनाने हातात घेतला. बालवाडीतली बाई ती. चाळीस पोरांना एका रांगेत बसवणारीला एक नवरा म्हणजे काय! सोड्याचं खोकं परत गेलं. लोणचं-पापड वरच्या फळीवर, आणि फळीखालचं स्टूल शेजारच्या घरी. पण सालोमीही काही कच्ची नव्हती. जेन्सन शाळेत पोचायचा तर पँटच्या खिशात सुकेळी, डब्याच्या फडक्यात सुकेळी, एकदा तर छत्रीत. बाजारात ती बायकांना सांगत सुटली, "माझा पोर वाळला गं." एकशे सातचा वाळलेला पोर मागे पिशव्या घेऊन उभा असायचा.

आणि चालणं! पहाटे सहाला जेन्सन समुद्राकडे निघाला. आता भुईगावच्या चिंचोळ्या गल्लीत जेन्सन पायी चाललाय हे दृश्य कोणी पाहिलंच नव्हतं. पहिली स्कूटर थांबली. "काय रे, गाडी बंद पडली? बस मागं."

"नाही, चालतोय."

"कुठं?"

"कुठं नाही. नुसता चालतोय."

"घरी सगळं ठीक ना?"

पाच मिनिटांत चार स्कूटर, एक टेम्पो. टेम्पोवाल्याने तर काही न विचारता खाली उतरून मागची फळी पाडली. तिसऱ्या दिवशी गल्लीतले आल्बर्टकाका फाटकात उभे राहून हात जोडून म्हणाले, "जेन्सन, आमच्याकडून काही चुकलं असेल तर सांग बाबा. पण असा पायी फिरू नकोस, लोक आम्हांला नावं ठेवतात." शेवटी तो ओहोटीची वेळ बघून वाळूत चालायला लागला. तिथं स्कूटर जात नाही. तरी एका सकाळी लांबून कोणी हाक मारत धावत आलं, त्याला वाटलं आता हा खांद्यावरच घेणार.

खरी सुटका केली ती ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाने. पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, फादरांनी कपाळावर राख लावली आणि जेन्सनच्या डोक्यात प्रकाश पडला. घरी येऊन त्याने जाहीर केलं, "आई, या उपवासकाळात मी गोड, खारं, तळलेलं सगळं सोडलं. ईस्टरपर्यंत. देवाला शब्द दिलाय."

आता सालोमी काय बोलणार? डॉक्टरीणबाईंशी भांडता येतं. तिने जेन्सनकडे पाहिलं, वर क्रूसाकडे पाहिलं आणि हातातलं सुकेळं स्वतःच्या तोंडात टाकलं. दुसऱ्याच दिवशी बाजारातली बातमी बदलली. "माझा पोर तपाला बसलाय. ह्या वयात कोन करतं सांगा? तुमची पोरं तर शुक्रवारला पन मटण खातात." तिला इतका अभिमान वाटू लागला, की मार्चमध्ये रविवारच्या तपासणीला किलो उतरला की क्रूसाची खूण ती आता त्याच्यासाठी करू लागली. आलोशियस बिचारा गोंधळला. आकडा आनंदाने पुकारायचा की दुःखाने, हे त्याला कोणी सांगेना. तो मधल्याच सुरात पुकारायचा, "एकशे एकऽ?"

गॉडफ्रे मात्र प्रत्येक किलोमागे खंगत होता. एकदा तो डुकराच्या आंबटतिखट इंद्याल रश्श्याचा डबा घेऊन प्रयोगशाळेच्या खिडकीशी आला. "वास तरी घे जेन्स्या. गावासाठी."

जेन्सनने वास घेतला. खूप वेळ घेतला. मग खिडकी लावली. त्या दिवशी त्याने मुलांना मीठ द्यायच्याऐवजी साखर दिली आणि अख्ख्या आठवीचा प्रयोग चुकला.

ईस्टर आला, गेला. जेन्सनने दोन फुगे खाल्ले. यीस्टचं पीठ तळून केलेले ते गोल, मऊ फुगे बघून संतही विरघळेल. तो दोनांवर थांबला, तेव्हा एलिनाला पहिल्यांदा खात्री वाटली की हा हे करणार. मेच्या पहिल्या आठवड्यात मॅडमनी पट्टा सोडला. "एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी. वजन सत्त्याण्णव." त्यांनी चिठ्ठी लिहिली, पण या वेळी लिहिण्याआधी पेन हवेत धरून बराच विचार केला. मग मोठ्या अक्षरांत, शब्द न शब्द सुटा करून लिहिलं: ओढताना श्वास कोंडायचा नाही. तोंड उघडं ठेवायचं आणि श्वास आवाज करत बाहेर सोडत राहायचं. वाचून दाखवलं. जेन्सनकडून परत म्हणून घेतलं. "समजलं?"

"समजलं."

"काय समजलं ते सांगा."

त्याने सांगितलं. मगच मॅडमनी सही केली.

सामना होता नायगावच्या टॉवरमधल्या पोरांशी. सगळे जिममध्ये जाणारे, एकसारखे काळे टी-शर्ट, दंड नारळाएवढे. त्यांचा कप्तान सिद्धेश जेन्सनकडे बघून म्हणाला, "काका, तुम्ही खूप बारीक झालात यार. सब ठीक?" तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या. पंच होते बळीराम सर, निवृत्त कवायत शिक्षक, शिट्टी गळ्यात घालून झोपणारे. सालोमी पुढच्या रांगेत खुर्चीवर बसली होती, तोंड फिरवून. सत्त्याण्णव किलोंचा खुंटा तिला बघवत नव्हता.

पहिली शिट्टी. जेन्सनने सवयीने श्वास कोंडला.

"तोंड उघड!" एलिना ओरडली.

त्याने तोंड उघडलं. श्वास गेला, श्वासाबरोबर जोर गेला, आणि दहा वर्षांत न हललेला खुंटा टाचांनी मातीत दोन चर पाडत रेषेपलीकडे गेला. एका पोराने विचारलं, "खुंटा हलतो?" त्याच्या आईने त्याला गप्प केलं. जेन्सन मातीकडे बघत उभा राहिला. गॉडफ्रे काही बोलला नाही, आणि गॉडफ्रे काही बोलत नाही म्हणजे संपलंच.

एलिना धावत आली. "नुसता आऽ काय करतोस? आवाज करत सोडायचाय ना श्वास? बोल काहीतरी!"

"काय बोलू?"

"मनात येईल ते बोल. पण थांबू नकोस."

दुसरी शिट्टी. दोरी ताणली. जेन्सनच्या मनात काय यायचं? चार महिन्यांत एकच गोष्ट येत होती.

"फुगेऽऽ!" तो गरजला.

पुढचे सात जण वर्षानुवर्षं चर्चमध्ये संतांच्या नावांमागे "आम्हांसाठी विनंती कर" म्हणत आलेले. एकाने नाव घेतलं की बाकीच्यांनी एका सुरात उत्तर द्यायचं, हे त्यांच्या रक्तात. त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "ओढ!" आणि सातही जणांनी एकाच क्षणी ओढलं.

"इंद्याऽल!"

"ओढ!"

"खारं!"

"ओढ!"

"सुक्या बोंबलाची चटणीऽऽ!"

"ओढ!"

काळे टी-शर्ट पाऊल पाऊल पुढे आले आणि रेषा ओलांडून गेले. भुईगाव नाचायला लागलं. पण सिद्धेश बळीराम सरांकडे धावला. "सर, हे काय? मेनू कार्ड वाचतायत! अलाउड आहे का?"

बळीराम सरांनी नियमांची पुस्तिका काढली. त्यात इंद्यालचा उल्लेख नव्हता. जेन्सनने खिशातून मॅडमची चिठ्ठी दिली. सरांनी ती दोनदा वाचली. "श्वास आवाज करत सोडायचा हे ठीक. पण पदार्थांची नावं घ्यायची असं कुठं लिहिलंय?"

"घेऊ नयेत असंही लिहिलेलं नाही," एलिना म्हणाली.

सरांनी पुस्तिका मिटली आणि शिट्टी तोंडात धरली. बालवाडीतल्या बाईशी कोण वाद घालणार.

तिसरी फेरी. जेन्सनने पुन्हा फुग्यांपासून सुरुवात केली. पण आता घोटाळा असा झाला, की नायगावच्या पोरांनाही ते "ओढ" चढलं. तिकडूनही "ओढ!" इकडूनही "ओढ!" सोळा जण एकाच तालात, आणि दोरी जागच्या जागी थरथरत. एक मिनिट गेलं. दीड. करंज्या झाल्या, पापड झाले, सोडे झाले, केक झाला. जेन्सनचं डोकं रिकामं झालं. "भा... भात," तो कसाबसा म्हणाला. भातावर कोण ओढतंय? पाय सरकायला लागले. श्वास आत कोंडण्याच्या बेतात होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली खुर्ची मागे पडली.

"पातोळ्या!" सालोमी उभी राहून ओरडली. "हळदीच्या पानातल्या! बोल!"

"पातोळ्याऽऽ!"

"ओढ!"

तिने काय काय खाऊ घातलं होतं त्याला, ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक! ती सांगत गेली, तो गरजत गेला. तांदळाचे वडे. कोलंबीचं लोणचं. गुळातल्या नानकटाया. मटणाचं सुकं. आणि मग तिने कमरेला पदर खोचून, सावकाश, एकेक शब्द सोडत सांगितलं, "नारळाच्या... रसातल्या... शेवया. वर वेलदोडा."

सिद्धेशच्या पोरांनी चार महिने उकडलेली अंडी आणि डब्यातली पावडर यांवर काढले होते. तिसऱ्या नंबरच्या पोराने शेवया ऐकल्या, त्याचे डोळे मिटले आणि हात सुटला. तो गेला तसे बाकीचे सातही हसत, हुंदके देत, एकमेकांवर कोसळत रेषेपलीकडे आले. सिद्धेश मातीतूनच विचारत होता, "काकी, शेवया घरी आहेत का?"

जेन्सन उभा होता. दमला होता, पण त्याचं डोकं ठणकत नव्हतं आणि डोळ्यांपुढे काजवे नव्हते. याआधीच्या दहाही मेमध्ये जिंकल्यावर तो अर्धा तास जमिनीवर उताणा पडून असायचा, आणि लोक त्याच्या भोवतीने नाचायचे. या वेळी एलिनाने मनगट धरून नाडी मोजली, मान हलवली आणि पाण्याची बाटली दिली. सालोमी खुर्ची सरळ करून परत बसली होती आणि सिद्धेशच्या पोरांना रविवारी जेवायला बोलावत होती.

"उचला खुंट्याला!" गॉडफ्रेला आता कुठे वाचा फुटली.

आजवर कोणी तसं सुचवलंही नव्हतं. सात जणांनी जेन्सनला चारी बाजूंनी धरलं. एक, दोन, तीन. तो वर गेला. गुडघ्यांपर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. क्षणभर त्याला सगळं मैदान दिसलं, पलीकडची सुरूची झाडं दिसली, आणि बळीराम सरांचं टक्कल वरून कसं दिसतं तेही. मग खालून कण्हण्याचे आवाज आले, कोणाची तरी पाठ कडकडली, आणि सातही जणांनी त्याला अगदी जपून, फुलदाणी ठेवावी तसं, परत जमिनीवर ठेवलं.

गॉडफ्रे गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता. "जेन्स्या," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी... अजून दहा उतरव. मग नीट उचलतो."

"आधी तू श्वास सोड," जेन्सन म्हणाला.